मागची पंगत

"मागच्या पंगतीचं बघा आधी," असं म्हणत बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि डोळे चोळायच्या. तुळजापुरातल्या लॉजच्या खोल्या ऑनलाइन देणारं आमचं छोटं ऑफिस. सर्व्हर बाई सांभाळायच्या, चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन मी. दमलेले दोघंही, पण बाईंच्या दमण्याला रविवार नव्हता.

सर्व्हर एकच आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम अनेक. त्यातला भाविकांच्या ओळखपत्रांचे फोटो लहान करणारा जो होता, त्याला बाई 'खादाड' म्हणायच्या. गर्दी वाढली की तो सगळी मेमरी गिळायचा आणि बिचारं बुकिंग उपाशी मरायचं. हे हटकून शनिवारी व्हायचं, बाई सास्तूरला निघायच्या वेळी. तिथं त्यांची म्हातारी आई एकटी होती. खांद्याला लावलेली बॅग खाली ठेवून बाई परत खुर्चीत बसायच्या, सास्तूरवरून जाणारी लोहाऱ्याची एसटी निघून जायची.

"माय, जेवून घे. म्या उद्या येते," असं फोनवर सांगायच्या. उद्याही बऱ्याचदा जमायचं नाही.

उपाय बाईंना ठाऊक होता. सगळ्या प्रोग्रॅमांवर देखरेख करणारा एक मॅनेजर प्रोग्रॅम असतो. त्याला सांगून ठेवायचं, की याला मेमरी एवढीच. हद्द ओलांडली तर बंद कर आणि पुन्हा सुरू कर. मग माणसानं बसून राहायची गरज नाही. मालकांना ते पटेना.

"लागंल तेवढं खाऊ द्या की! सगळं आपलंच हाय न्हवं?"

"मालक, लग्नातली हुग्गीबी आपलीच असती. पण वाढप्यानं पहिल्याच पंगतीला कढई रिती केली, तर मागच्यांनी काय खावं? माझी माय कायम मागच्या पंगतीला बसायची. लईदा उपाशी उठली."

"नवरात्र होऊ द्या, मग बघू."

आपल्याकडे 'मग बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

नवरात्रात भर दुपारी खादाडानं अख्खा सर्व्हर आडवा केला. लॉजच्या दारांत माणसं लेकरंबाळं, बोचकी घेऊन उभी आणि माझ्या कानात शिव्या. शेवटी मालकांनी हात जोडले, "बाई, तुमच्या मनासारखं करा."

बाईंनी एकेकाची हद्द आखून दिली. त्यानंतर खादाड पडायचा, आपला आपण उठायचा आणि बुकिंगला त्याचा पत्ताही नसायचा. बाईंचा फोन गप्प झाला. काही शनिवार त्यांना वेळेवर एसटी मिळाली. सोमवारी येताना आईनं कुटलेली शेंगाचटणी आणायच्या आणि मला हौसेनं वाढायच्या.

थंडी पडायच्या आत आई गेली.

पुढं एका शनिवारी बघतो तर निघायची वेळ झाली तरी बाई जागच्या हलेनात. पडद्यावर सगळे प्रोग्रॅम आपापल्या हद्दीत नीट चालले होते.

"बाई, गाडी चुकंल तुमची."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आता कुणाकडं जाऊ? समद्यांना बराबर वाढलं बघा. मायच तेवढी मागच्या पंगतीला राहिली."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. बाईंच्या मांडीवर भरलेली बॅग होती. सवयीनं भरून आणली होती.