भाकरीच्या रंगाची खोली

पुण्यातल्या एका लॉजिंगमध्ये मी दीड वर्ष गाद्या झटकल्या आणि तेवढ्या शिदोरीवर डिंगोऱ्याला परत आलो. त्या दिवसापासून, माणसानं निजावं कसं या विषयातला मी गावातला एकमेव जाणकार. बाकीचे नुसतेच निजत होते. लॉजिंगच्या मॅनेजरनं मला 'व्हतं'च्या जागी 'होतं' म्हणायला लावलं होतं. कागदावर अजून तेच उतरतं, हाताला खोड लागली. तोंडातलं मात्र मी गावच्या फाट्यावर उतरलो तिथंच थुंकून टाकलं.

चोपन्न-पंचावन्न साल असेल. माझं स्वतःचं घर म्हणजे एक पडकी भिंत आणि तिच्यावर चढलेला घेवडा. म्हणून मी चुलतीच्या ओसरीवर पडून असायचो. चुलतीचं नाव साळुबाई. आम्ही पुतणे तिला नानी म्हणायचो. बांधा ठेंगणा, पण हाक मारली तर शिवारातली गुरं माना वर करायची. चुलता मागंच गेला होता. घरात तिचा लेक गेणभाऊ, सून सोनीबाई, नातवंडं, आणि ओसरीवर मी, फुकटचा.

नानी परकरी पोर असताना या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून तिला निजायला अशी ठरलेली जागा कधी मिळाली नाही. आधी सासूच्या पायथ्याशी. मग मडक्यांच्या उतरंडीमागं. मग गाभण म्हशीच्या राखणीला गोठ्यात, आणि म्हातारपणी नातवंडांच्या लाथांच्या मधोमध. रात्री जो उठेल तो तिला ओलांडून जायचा. तिचं तीच म्हणायची, "मी म्हंजी ह्या घरातलं जातं. जागा लागली की सरकवा. त्यातबी जात्याला सरकवायला दोन गडी लागत्यात, मला नुसतं 'व्हय तिकडं' पुरतं." असं बोलून तीच आधी हसायची. त्यामुळं दुसऱ्याला वाईट वाटायची सोय राहायची नाही.

त्या साली गेणभाऊनं घरामागं एक खोली काढली, बाजरीच्या पोत्यांसाठी. भिंती उभ्या राहिल्या, वर कौलं पडली, आणि एका सकाळी नानी घोंगडी घेऊन त्या खोलीच्या मधोमध जाऊन बसली.

"ही माझी निजायची खोली," ती म्हणाली.

गेणभाऊला आधी चेष्टा वाटली. "आये, निजायला खोली कशाला? निजायला डोळं लागत्यात."

"डोळं हायत. तेवढंच हाय."

आमच्या घरात एक कायदा होता. माणूस हलतं, पोतं हलत नाही. एकदा पोतं टेकलं की ती जागा पोत्याची. गेणभाऊ वाईट नव्हता. दाण्याला ओल लागली तर वर्ष हातचं जातं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दोघांची बरीच वादावादी झाली आणि शेवटी तो म्हणाला, "खळं उरकूस्तवर खोली तुझी. तवर माणसाची खोली दिसाय लागली तर ऱ्हा. कोठी दिसली तर पोती टाकणार. मंग रडायचं न्हाई."

"रडायलाबी जागा लागती," नानी म्हणाली.

आता माणसाची खोली कशी दिसते, हे गावात ठाऊक कुणाला? मलाच. मी पुढं सरलो. "नानी, आभाळी रंग दिऊ. तेलाचा. दाराला गुलाबी फुलांचा पडदा, आन् स्प्रिंगची खाट."

"आभाळ वर हाय की. आत कशाला आणतो?"

"मंग पिस्ता?"

"त्यो काय आसतो?"

मला तरी कुठं ठाऊक होतं! लॉजिंगातल्या एका खोलीला मॅनेजर पिस्ता म्हणायचा. "हिरवट," मी म्हणालो.

"हिरवट तर शेणबी आसतं. ते फुकाट हाय."

पांढरा चुना तिला नको होता. पांढऱ्या भिंतीत दवाखान्यात निजल्यावाणी वाटतं म्हणाली. तांबडी काव नको, ती देवळाला. खोलीभर एक चक्कर मारून तिनं निकाल दिला, "मला भाकरीचा रंग पायजे. जोंधळ्याच्या भाकरीचा. बगितलं की पोट भरल्यावाणी वाटाय पायजे."

मी लई हसलो. त्या हसण्याचं बक्षीस म्हणून रविवारी जुन्नरच्या बाजाराला गाडी जुंपायचं काम मला मिळालं.

नानीनं निघताना एक भाकर भाजून फडक्यात बांधून घेतली. मला वाटलं, वाटेत खायला. हात पुढं केला तर हातावर चापट बसली. "ती नमुन्याची हाय," ती म्हणाली. एवढा मोठा जाणकार मी, जुन्नरपर्यंत उपाशी गेलो.

घेवरचंद शेटच्या दुकानात सगळं मिळायचं. गूळ, दोर, खिळे, रंगांच्या भुकट्या. त्याचे वाडवडील मारवाडातून आले असतील, तो स्वतः आमच्याहून खडखडीत मराठी बोलायचा. दसऱ्यासाठी दुकानाची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी शुभ्र केली होती. नानीनं फडकं सोडलं आणि भाकर दुकानाच्या फळीवर ठेवली.

"शेट, ह्यो रंग द्या."

घेवरचंदानं भाकर बघितली, मग नानीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी दुसरीकडं बघितलं.

"साळुबाई, लोक आभाळ मागत्यात, पोपट मागत्यात. जेवाण आजपातुर कुणी मागितलं न्हाई."

"जेवाण नको. भित्त हाय."

"मंग कंची बाजू? तव्याकडची का आराकडची?"

हे शेजारच्या दुकानात तय्यब पिंजाऱ्यानं ऐकलं. गाद्या भरणारा माणूस, भुवयांवर कायम कापूस. तो तसाच आला. "मावशी, आराकडची घ्या. निखाऱ्यावर फुगते ना, त्या बाजूला जान असते."

"आन् डाग?" घेवरचंद म्हणाला. "आराकडं डाग पडत्यात. भिंतीला डाग कोण लावून घेतं? तव्याकडची."

आणे गावच्या पठारावरचा कुणी एक दोर घ्यायला आला होता. तो दोर सोडून म्हणाला, "भाकर म्हंजी बाजरीची. जोंधळ्याची पावण्यांना घालत्यात."

"मंग मी माज्याच खोलीत पावनी व्हते," नानी म्हणाली. "तुमी दोर घ्या."

घेवरचंद पेटला. वाटीत चुना घेतला, पिवडीची पिवळी भुकटी घातली, चिमूटभर काव टाकली, आणि बोट बुडवून आपल्याच पांढऱ्या भिंतीवर पट्टा ओढला.

"ही हळद झाली," नानी म्हणाली.

दुसरा पट्टा ओढला. "ही तापानं फणफणली."

तिसऱ्याला तिनं नुसतं नाक मुरडलं. मग मला राहवेना. मी म्हणालो, "शेट, जरा नीळ घाला. लॉजिंगमदी घालायचे." घालायचे का, ते मला ठाऊक नव्हतं. पण लॉजिंगचं नाव घेतल्यावर माघार कशी घ्यायची? घेवरचंदानं नीळ घातली आणि पट्टा ओढला.

"भाकरीला बुरशी आली," तय्यब म्हणाला.

"आता परत भाकरीकडं बगा," म्हणून नानी फळीकडं वळली. फळीवर फडकं होतं. भाकर नव्हती.

सगळ्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तोंड उघडून दाखवलं. तेवढ्यात दुकानाच्या पायरीशी घेवरचंदाची बायको धापूबाई दिसली. एक तांबडी गाय पुढ्यात, आणि गायीच्या तोंडातून शेवटची चतकोर आत चाललेली. धापूबाईचा नेम होता, घरातली पहिली पोळी गायीला. गाय रोज त्या वेळेला पायरीशी यायची. त्या दिवशी फळीवर भाकर दिसली, बाईला वाटलं शेटनंच गायीसाठी काढून ठेवली.

"आगं बाई!" नानी ओरडली. "तुमच्या गायनं माजा रंग खाल्ला!"

अर्धा बाजार गोळा झाला. धापूबाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती लाजेनं लाल झाली, आणि ती लाली बघून तय्यब म्हणाला, "मावशी, हा रंग बघा, हा चालंल?" नानीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"साळुबाई, आत या," धापूबाई म्हणाली. "मागं परसात चूल मांडून देते, पीठ देते. तुम्हीच भाजा. तुमच्या हातचाच रंग पायजे ना?"

नानी घेवरचंदाच्या परसात बसली, पदर खोचला आणि थाप थाप भाकरी घालायला लागली. घेवरचंद वाटी घेऊन शेजारी उकिडवा. भाकर तव्यावरून निघाली की तो मिसळायचा, पण तेवढ्यात भाकर निवायची आणि रंग बदलायचा. तो परत मिसळायचा, नानी परत थापायची.

"गरम नको, शिळीबी नको," ती म्हणाली. "टोपल्यात टाकल्यावर वाफ जाती बगा, तवाची पायजे."

"बाई, मी दुकानदार हाय, वाफ कुठनं आणू?"

पण जमलं. एका भाकरीच्या वेळेला वाटी आणि टोपलं अगदी जुळलं, आणि घेवरचंद ताडकन उठून "झाली!" असा ओरडला की पुढच्या दुकानातले लोक पेढे मागायला आले. पाटीभर चुना, ओंजळभर पिवडी, चिमूटभर काव. मी पाठ केलं. बाकीच्या नमुन्यांचा तय्यबनं आणलेल्या लसणीच्या चटणीबरोबर आम्ही निकाल लावला. धापूबाईला लसूण चालत नसे, तिनं चटणीला हात लावला नाही, पण तिच्या लोणच्याबरोबर दोन नमुने तिनंही संपवले. दुकानाच्या भिंतीवर मात्र ते पट्टे राहिले. दसऱ्याला गिऱ्हाइकं विचारायची, "शेट, भित्तीला गजकर्ण झालं का?"

बाकीची खरेदीही तशीच झाली. तय्यबच्या गादीवर नानीनं हात दाबला आणि झटक्यात काढला. "ही मला गिळंल." त्याच्याकडून फक्त उशी घेतली. पडद्याला बिनरंगाचं मांजरपाट घेतलं, बाजेला अंबाडीचा दोर. घोंगडी घरची होती, मेंढराच्याच रंगाची. एकाही वस्तूला रंग असा नव्हताच. मी गुलाबी फुलांचं कापड माझ्या हट्टानं घेतलं. पुढं गेणभाऊनं ते शेतातल्या बुजगावण्याला नेसवलं आणि पाखरं आली नाहीत, एवढा माझ्या आवडीचा उपयोग झाला.

रंग द्यायचं काम अर्थात माझ्याकडं. चुना भिजवला, पिवडी, काव, सगळं मापात घातलं आणि खिडकीकडनं सुरुवात केली. अर्धी खोली झाल्यावर मागं वळून बघतो तर काय, भिंत काळपट तांबूस. करपलेली! ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, हे लॉजिंगात कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथं मी गाद्या झटकायचो. मी घाबरून आणखी पाटीभर चुना ओतला आणि दाराकडची बाजू उरकली. सगळं वाळलं, तेव्हा खिडकीकडं भाकर बरोबर भाजलेली आणि दाराकडं कच्ची. मधे मी हात चालवून जुळवायला गेलो, तिथं डाग.

गेणभाऊ खळ्यावरनं आला, दारात उभा राहून बघत राहिला. मला वाटलं, झालं, पोतीच येणार. दोन दिवसांत खळं उरकणार होतं.

"आये, ही माणसाची खोली दिसती व्हय?"

नानीनं भिंतीवर हात फिरवला. तोंडावरून काही कळेना. मग म्हणाली, "सोनी नवी आली व्हती तवाच्या भाकरी आठव. एका अंगानं कच्ची, एका अंगानं डाग. खाल्ल्यास का न्हाई?"

आतून सोनीबाईचं हसू ऐकू आलं. "खळं उरकू दे, मंग बगू," म्हणून गेणभाऊ निघून गेला.

नानीनं बाज लावली. डोकं भाजलेल्या बाजूला, पाय कच्च्या बाजूला. त्या रात्री ती पहिल्यांदा कुणी न ओलांडता निजली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं, उन्हं कौलांवर आली, तरी नानी उठली नाही. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. चूल थंड. सोनीबाईलाही नानीच्या हाकेनं उठायची सवय, तीही पडलेली. पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. आणि अशात, एक दिवस आधीच खळं उरकून, गेणभाऊ पोत्यांनी भरलेली गाडी घेऊन दारात. गडी पाठीवर पोतं घेऊन खोलीशी आला आणि मांजरपाटाच्या पडद्यापुढं थबकला.

"आये," गेणभाऊ बाहेरून म्हणाला. "आये, दिस वर आला. भाकरी?"

आतून बाज करकरली. कूस बदलली असावी.

"भाकरी पायजे?" नानीचा आवाज आला, झोपेनं जड झालेला. "हितं चारी भित्तींना थापल्यात. घ्या उचकटून."

गडी पोत्यासकट हसायला लागला आणि पोतं सुटून खाली पडलं. गेणभाऊनं पडद्याला हात घातला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि सोडला. आईच्या झोपेवर पोतं कोण टाकणार? त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग त्याची नजर ओसरीवर गेली. ओसरीवर मी होतो.

तेव्हापासून ओसरी बाजरीची. एकदा पोतं टेकलं की हलत नाही, हा कायदा मी वर सांगितलाच आहे. मी पोत्यांच्या वर निजायला लागलो. रात्री उंदीर यायचे आणि मला ओलांडून जायचे. दोन-चार रात्री काढल्या आणि एका सकाळी मी नानीच्या दाराशी गेलो. म्हणालो, "नानी, तुजी खोली ऐसपैस हाय. त्या कच्च्या बाजूला एका कोपऱ्यात मी पडलो तर?"

नानीनं पडदा बाजूला केला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"न्हाई रं बाबा," ती म्हणाली. "लॉजिंग भरलंय."