टॉप मॉडेल आणि माशांच्या दोन पाट्या

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर तीन रकाने आखले. साधं मॉडेल, मधलं मॉडेल, टॉप मॉडेल. डावीकडे एकोणीस मुद्दे. दोन हजार सहा साल होतं, मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि विजयदुर्गच्या खाडीकाठच्या आमच्या घरात पहिलीच चारचाकी येणार होती. उंच, दणकट, डोंगरात आणि वाळूत दोन्हीकडे चालणारी जीप घ्यायची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो तीन मॉडेलांपैकी कोणतं, याचा. त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट ठरून गेली होती. गाडी आली की सासूबाईंनी माशांची फेरी बंद करायची. हे आम्ही त्यांना न विचारता ठरवलं होतं, त्यामुळे त्याला यादीत जागा नव्हती.

याद्या करणं हे माझं कामच. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मी डिझेलच्या, बर्फाच्या आणि होड्यांच्या याद्या ठेवायचे, आणि ती सवय घरी येताना बाहेर काढून ठेवता येत नाही. नवरा म्हणायचा, "हिच्या वहयेत एक दिवस माझाय नाव येतला, आणि फुडे फुली."

चारही चाकांना जोर असलेलीच गाडी का, हे आमच्याकडे कुणाला समजावावं लागत नाही. नवऱ्याची होडी वाळूवर लागते. बर्फाच्या लाद्या, डिझेलचे कॅन, जाळी हे सगळं रस्त्यापासून पाण्यापर्यंत डोक्याखांद्यावरून न्यावं लागे. आदल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एकाने आपली नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी गाडी वाळूत घातली. चाकं जागच्या जागी फिरली आणि रुतत गेली. भरतीचं पाणी बंपरला टेकलं तेव्हा रापण ओढणारी माणसं दोर घेऊन धावली आणि जाळं ओढतात तशी ती गाडी ओढून काढली. त्या माणसाला अजून विचारतात, "काय रे, त्या दिवशी म्हावरा किती गावला?"

तर मुद्दा क्रमांक एक, चारही चाकांचा जोर. पण तो फक्त दोन मॉडेलांत मिळत होता, सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या. मधल्यात एसी होता, पॉवर स्टीअरिंग होतं, पण जोर मागच्याच चाकांना. मधला रकाना पहिल्याच ओळीत बाद झाला. राहिली दोन. साध्यात स्टीअरिंग जड, एसी नाही, सीट रेक्झिनच्या, मागे समोरासमोर दोन बाकडी आणि जमिनीवर नुसता पत्रा. टॉपमध्ये एसी, मऊ कापडी सीट, खाली गालिचा, सेंट्रल लॉक, धुक्याचे दिवे आणि चकचकीत चाकं. नवऱ्याला चाकं आवडली होती. मी चाकांना शून्य दिलं. पण कापडी सीटपुढे बरोबरची खूण केली, कारण एप्रिलच्या उन्हात रेक्झिनवर बसलं की मांड्या भाजतात. गालिच्यापुढेही बरोबरची खूण केली. टॉप मॉडेल आमच्या ऐपतीच्या अगदी कडेला होतं, तरी एकोणीसपैकी पंधरा मुद्द्यांवर ते जिंकलं.

रात्री जेवण झाल्यावर मी यादी सगळ्यांना वाचून दाखवली. सगळे म्हणजे नवरा आणि सासूबाई. सासूबाई सुकवलेली आमसुलं निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरा आसा." मी ती संमती धरली.

त्यांची फेरी मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीची. आठवड्यातून तीन दिवस. सकाळी किनाऱ्यावर लिलावात मासे घ्यायचे, पाटी डोक्यावर, पहिल्या गाडीने खारेपाटण, आणि तिथून पुढे वैभववाडीच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्या, काही वडापच्या, माणसं गोळा करत जाणाऱ्या जीपने, काही पायी. दुपारी परत येताना पाटीत कधी तांदूळ, कधी सुरण, कधी काजूगर. कुठल्या घरात सोमवार पाळतात, कुठे सून बाळंतीण आहे आणि तिला पचायला हलक्या मुडदुशी लागतील, कुठल्या म्हाताऱ्याला काट्याचा मासा चालत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांना त्याची फारशी गरजही पडली नव्हती. मात्र मागल्या दिवाळीनंतर त्या जीपमधून उतरताना पडल्या आणि उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली. तरीही त्या आठवड्यातून एकदा जातच होत्या, आणि वडापवाले पाटीतल्या पाण्यामुळे त्यांना बसवून घ्यायला कुरकुर करत होते. आता पुरे, असं आम्हां दोघांना वाटलं. प्रेमानेच वाटलं.

गाडी बघायला कोल्हापूरला जायचं होतं. ओळखीच्याची जीप भाड्याने घेतली. निघायच्या वेळी सासूबाई चांगलं लुगडं नेसून ओटीवर तयार.

"आये, तू कित्याक?" नवरा म्हणाला. "घाटात उलटी होतली तुका."

"होवंदे. माका गाडी बघूची आसा."

खारेपाटणच्या पुढे चहाला थांबलो. गाड्यांच्या थांब्यावर एक बाई उभी होती, सासूबाईंच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांपैकी. तिने लांबूनच हाक मारली.

"गो, आज रिकामी कशी? पाटी खंय तुजी?"

"गाडी घेवक जातंय. कोल्हापुराक."

"अगो बाय माझे! मगे आता गाडयेन येतलंस काय मासे घेवन?"

सासूबाई नुसत्या हसल्या. उत्तर नवऱ्याने दिलं. "आता आये घराक बसतली. लय झाला."

"बसतली?" बाईने पदर कमरेला खोचला, जणू भांडायलाच. "आणि आमी काय रोज कुळथाची पिठीच खावची?"

"चाय पिवया आदी," सासूबाई म्हणाल्या आणि कपाकडे वळल्या. त्यानंतर करूळचा घाट चढेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, उलटीच्या भीतीने.

शोरूम काचेचं, खाली पांढऱ्या लाद्या. तीन गाड्या ओळीने उभ्या होत्या, टॉप मॉडेल दारासमोर आणि साधं पार भिंतीला लागून. टाय लावलेला एक तरुण विक्रेता आला. मी वही उघडली आणि प्रश्नांना सुरुवात केली. पुढची चाकं जोडायला खाली उतरावं लागतं का? वाळूत टायरची हवा किती ठेवायची? पत्र्याला खारी हवा लागू नये म्हणून काय करता? तो दोन प्रश्नांनंतर आतून साहेबांना बोलावून आणतो की काय, असं वाटलं, पण टिकला. नवरा तोवर टॉप मॉडेलच्या स्टीअरिंगमागे जाऊन बसला होता. बंद गाडीत, हात घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी.

सासूबाईंनी मागचं दार उघडायला लावलं. चपला लादीवर काढून ठेवल्या आणि आत चढल्या. चढताना दोन्ही हातांनी दार धरावं लागलं. सीटवर न बसता त्यांनी तळव्याने ती दाबून बघितली. मग वाकून गालिच्याची कड उचलली, खाली बोटं घातली, पुढच्या सीटखालीही हात फिरवला.

"आजी, काय पडलं का?" विक्रेत्याने विचारलं.

"ह्येच्यातला पाणी खंयसून जाता?"

"कसलं पाणी? एसीचं व्हय? ते खालनं नळीतनं जातंय की, आजी."

"एसीचा न्हय रे बाबा. म्हावऱ्याचा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "माशांच्या पाटीतलं पाणी."

"अहो आजी, ह्यात मासं नाही न्यायची. कापड वास धरतंय, मग जन्मात जात नाही. ही फॅमिली गाडी आहे."

"आमची फॅमिली म्हावराच विकता. तुका काय वाटला, आमी सोना विकतंव?"

नवरा पुढच्या सीटवरून वळला. "आये, तुका आता फेरयेक जावचा नाय आसा. ठरला ना आपला?"

"आपला म्हणजे कोणाचा?"

"डॉक्टरान सांगल्यान..."

"डॉक्टरान पाटी उचलू नको सांगल्यान. विकू नको सांगूक नाय. गेल्या वर्षी तुजी कंबर धरली, तेवा तू होडी विकलंस?"

विक्रेता लगबगीने पाणी आणायला गेला. मी वहीत बघत राहिले. एकोणीस मुद्दे होते. मोबाइल चार्ज करायची सोय होती, छत्री ठेवायची जागा होती. ज्या माशांवर या घरातली भांडी, कौलं आणि माझ्या नणंदांची लग्नं झाली, ते मासे गाडीत कुठे बसतील, हे मी लिहिलंच नव्हतं. आणि ते मी विसरलेही नव्हते. मी ते मनातल्या मनात बंद करून टाकलं होतं.

सासूबाई उतरल्या, चपला घातल्या आणि न सांगता भिंतीजवळच्या साध्या मॉडेलकडे गेल्या. मागचं दार आडवं उघडणारं होतं. त्यांनी बाकड्याचं रेक्झिन नखाने खरवडून पाहिलं. दोन बाकड्यांमधलं अंतर वितींनी मोजलं. विक्रेता पाण्याचा ग्लास घेऊन आला होता. त्याने ग्लास खाली ठेवला, वाकला आणि पत्र्यातलं एक रबरी बूच काढून दाखवलं. भोकातून खालची पांढरी लादी दिसली.

"धुताना हे काढायचं, आजी. सगळं पाणी खाली."

"दोन पाटये रवतत," सासूबाई मला म्हणाल्या. त्या दिवशी त्या मला उद्देशून पहिल्यांदाच बोलल्या.

समोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ मागवली आणि तिथे खरं भांडण झालं. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी त्याला चालवायची होती, ते जड स्टीअरिंग त्याने फिरवून बघितलं होतं, आणि लग्नाकार्याला बाकड्यांवर बसून जायचं म्हणजे लोक हसतील.

"हसांदेत," सासूबाई म्हणाल्या. "हसणारे मासे घेतत."

मी मध्ये पडले, कारण गुडघा खोटा नव्हता आणि तो विसरून चालणार नव्हतं. मी अटी घातल्या. आठवड्यातून दोनच फेऱ्या. पाटी डोक्यावर घ्यायची नाही. गाडीला मागे खाली एक पायरी आणि धरायला दांडा वेल्डरकडून बसवून घ्यायचा. विक्री गाडीत बसूनच, खाली उतरायचं नाही.

"चाय पिवक उतरतलंय," त्या म्हणाल्या. बाकीचं मान्य.

"आणि चालवतलो कोण?" नवऱ्याने विचारलं. "बुधवारी मी जायन. दुसऱ्या दिवसाचा काय?"

"रविवारी मी," मी म्हटलं. मला गाडी येत नव्हती. तो इतका हसला की मिसळीचा रस्सा शर्टावर सांडला. त्या हसण्यातच तो टॉप मॉडेल सोडून देत होता, हे मला कळलं. परत शोरूममध्ये गेल्यावर त्याने विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागितली, धुक्याचे दिवे. ते वेगळे बसवून मिळाले.

मला शिकायला दोन महिने लागले. त्या स्टीअरिंगने खांद्यात कळ यायची, आणि पहिल्यांदा मी गाडी थेट नारळाच्या बुंध्यावर नेली. पण रविवारी आम्ही दोघी निघू लागलो. खारेपाटण मागे पडलं की डांबर संपायचं, जांभ्या दगडांची चढण लागायची, मी छोटा दांडा ओढून चारही चाकं जोडायची आणि मागून बांगड्या-सौंदाळ्यांच्या, माशांच्या पाट्या धरून बसलेल्या सासूबाई सांगायच्या, "सावकाश गो, सौंदाळे घाबारतत." वाडीत पोचलं की मागचं दार उघडायचं आणि त्या बाकड्यावर दुकान मांडल्यासारख्या बसायच्या. बायका ताटं घेऊन यायच्या आणि आधी गाडी बघायच्या.

"एवढी गाडी घेतलास आणि बसूक बाकडा?"

"मुद्दाम घेतलंव. तुजा सोफा धुवन बघ एकदा."

तीस वर्षं त्या कुठे जात होत्या, हे मी तेव्हा बघितलं. एका घरी त्यांच्यासाठी वेगळा कप होता. एका घरी त्यांनी बांगडे दिले आणि पैशाचं नावच काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिचो घोव गेल्याक महिनो जावक नाय." नवरा जाऊन महिनाही न झालेल्या त्या घरापुढून मी गाडी सावकाश काढली.

अशी चार वर्षं गेली. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात एका रविवारी परतताना त्या प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होत्या. पहिल्या दारात मी ते नीट ऐकलं नाही. दुसऱ्या दारात ऐकलं आणि इंजिन बंद केलं.

"फुडच्या खेपेक सून एकटीच येतली."

"तुमचा काय झाला?" त्या घरातल्या बाईने विचारलं.

"काय नाय. आता माका बसून कंटाळो येता."

"हिका मासे कळतत?"

"कळतले. नायतर तुमी आसास मा शिकवक."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, तर सासूबाई रिकाम्या पाट्या एकात एक घालत होत्या, आणि त्या कामात त्यांचं फार लक्ष होतं.

पुढच्या रविवारी मी पहाटे लिलावाला उभी राहिले. सासूबाई फाटकापर्यंत आल्या आणि सोमवार पाळणाऱ्या, मुडदुशी खाणाऱ्या, उधारी विसरणाऱ्या अशा सगळ्या घरांची नावं त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवली. पहिल्याच वाडीत, मला मासे कळतात का असं विचारणाऱ्या त्या बाईने माझ्या एका बांगड्याचे कल्ले उघडून बघितले, दुसऱ्याचे बघितले, मग तिसऱ्याचे. नेहमी ती सहा घ्यायची. त्या दिवशी तिने दोन घेतले आणि म्हणाली, "बघूया."