बक्षिसाच्या यादीतली सून

आमच्या चौलात सिनेमाबद्दल सगळ्यांत जास्त मतं कुणाला असतील, तर ती आवडाकाकीला. वर्षाकाठी तीन-चार सिनेमे तिच्या नजरेखालून जायचे, तेही जमलं तर. पण मतं अशी ठाम, की समोरच्यानं निमूट मान डोलवावी. मी धंद्यानं शिंपी. सिनेमाचा मला मनापासून कंटाळा. त्यामुळे ती मतं ऐकायची पाळी नेमकी माझ्यावरच का यावी, हे मला कधी उमगलं नाही.

दिवाळी झाली की रेवदंड्याच्या मैदानात दयारामचा सिनेमाचा तंबू लागायचा. वरून कापड आणि चारी बाजूंनी झाप. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले पडदे. ते विणून द्यायची आवडाकाकी. नवरा लवकर गेला, वाडीतले चार माड आणि हातातली ही कला, एवढ्यावर तिनं एकुलत्या लेकीला, राहीला, वाढवलं, तिचं लग्नही करून दिलं. दयारामच्या दारातल्या माणसानं तिला एकदा तिकीट मागितलं, तर म्हणाली, "माझ्याच कुडात बसायला मला तिकीट? शाना हायस!" तेव्हापासून तिला कुणी अडवलं नाही.

सिनेमातल्या प्रत्येक गोष्टीचा तिला धक्का बसायचा. नायक पावसात भिजला तरी त्याची इस्त्री मोडत नाही, याचा धक्का. नायिका चुलीपुढे बसते आणि घामाचा थेंब नाही, याचा धक्का. ती हे सगळं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मला सुनावायची आणि वर विचारायची, "खरं का खोटं?" मी मशीन चालवत "खरं, खरं" म्हणायचो.

मुंबईहून लाँचनं रेवसला आणि तिथून एस. टी.नं आमच्याकडे सिनेमाचं एक साप्ताहिक यायचं. ते मी घ्यायचो बाह्यांसाठी. पोरींना नटीसारख्या बाह्या हव्या असायच्या आणि त्या मला चित्रात बघून शिवाव्या लागायच्या. अंक आला की काकी हजर. तिला वाचता येत नव्हतं. "बाह्या मागाहून बघ, आधी वाच," म्हणायची.

मी सांगतोय त्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, तिच्या घरात मोठाच घोर होता. राही सासर सोडून आली होती. सासर रेवसच्या वाटेवर, खाडीकाठच्या एका गावात. माणसं मिठागरवाली. भातकापणी उरकली आणि एके सकाळी राही नेसत्या लुगड्यानिशी आईच्या दारात उभी राहिली. उजवा तळहात पोळलेला. "आई, मी तिथं जात न्हाय," एवढंच म्हणाली. काकीनं तिला घरात घेतलं, हाताला खोबरेल लावलं. पण दिवस जायला लागले तशी शेजारणींची तोंडं सुटली. देवळात, विहिरीवर, जिथं जाईल तिथं तोच विषय. पोरीला ठेवावं की धाडावं, या विचारानं काकी झाप विणता विणता मध्येच थांबायला लागली.

पौषात दयारामनं एक सिनेमा आणला. सासुरवाशिणीची गोष्ट. सासू छळते, नवरा बोलत नाही, सून माहेरी निघून येते. काकी राहीला घेऊन गेली. ब्लाउजांचा गठ्ठा द्यायला मी त्या दिवशी रेवदंड्यात गेलो होतो, काकीनं मलाही ओढून आत नेलं. शेवटी ती सून सासरी परत येते. अंगण पाहुण्यांनी भरलेलं असतं. सगळे बघत राहतात. सासू पुढे होते, तिचा हात धरते आणि तिला उंबऱ्याच्या आत घेते. वाद्यं वाजतात. दयारामनं विजेचं इंजिन बंद केलं, गॅसबत्ती लावली. बायका डोळे पुसत उठल्या. काकी तर हुंदके देत होती, आणि हसतही होती.

चौलापर्यंतच्या वाटेवर तिचं एकच चाललं होतं. "बघितलंस ना, राही? उंबरा सोडायचा नसतो. सासूबी शेवटी बाईच. कवा ना कवा पाझर फुटतोच." राही मुकाट्यानं चालत होती. मला तेव्हा वाटलं, पोरगी विचार करतेय.

आठवडाभरात राही परत गेली. दोन नवी पोलकी मी शिवून दिली. काकी स्वतः पोचवायला गेली होती. परत आली ती फुलून. म्हणाली, "अरे रघू, अगदी सिनेमासारखं झालं! सासूनं चारचौघांदेखत हात धरून आत नेलं." मलाही बरं वाटलं. सिनेमाचा कुणाला काही उपयोग झाला, असं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग होळीच्या तोंडावर तो अंक आला. त्या वर्षीच्या सिनेमांना बक्षिसं द्यायची होती आणि त्यासाठी निवडलेली नावं छापली होती. काकी पायरीवर येऊन बसली. मी तिला समजावलं, की आधी प्रत्येक बक्षिसासाठी काही नावं काढतात आणि मागाहून त्यातल्या एकालाच देतात.

"म्हंजे बाकीच्यांना जेवायला बोलवून उपाशी धाडणार?" काकी अवाक. "ही कुठली रीत?"

मी नटांची नावं वाचली. एका नायकाचं नाव आलं, तसा तिनं कपाळाला हात लावला. "ह्याला? अरे, हा अख्ख्या सिनेमात झाडाला टेकून उभा व्हता! झाडाला द्या बक्षीस." पुढे एका खलनायकाचं नाव होतं. ते ऐकून तर ती पायरीवरून उठलीच. "गरिबाची गाय सोडून नेली त्यानं! मी डोळ्यांनी बघितलं. त्याला तुरुंगात घालायचा की हार घालायचा?" ते खोटंखोटं असतं, त्यानं काम चांगलं केलं म्हणून, असं मी सांगत राहिलो. तिला पटेना. समोरचा वाणीसुद्धा दुकान सोडून ऐकायला आला.

"बरं, आपल्या सुनेच्या सिनेमाचं बघ," ती म्हणाली. "त्यातल्या सासूचं नाव हाय का?"

सासूचं नाव कुठंच नव्हतं. सुनेचं होतं.

"सासूचं न्हाय?" काकीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अरे, सगळा सिनेमा तिच्यावर उभा. तिनं हात धरला नसता तर त्या पोरीचं काय झालं असतं? पोरीनं काय केलं? नुसती रडली! तिला कशाबद्दल बक्षीस?"

नटीच्या फोटोखाली बारीक अक्षरांत मजकूर होता. कशाबद्दल ते कळावं म्हणून मी तो मोठ्यानं वाचायला लागलो. 'सासूचा हात सुटल्यावर, पाहुणे पांगल्यावर, रिकाम्या अंगणातून विहिरीकडे चालत जाणारी ती सून. शेवटच्या त्या प्रसंगात ही अभिनेत्री एक शब्दही बोलत नाही, आणि आत्महत्येआधीची तिची ती नजर प्रेक्षकाला विसरता येत नाही.'

वाचून झाल्यावर मला कळलं, मी काय वाचलं ते.

"कोण गेली विहिरीकडे?" काकीनं विचारलं.

"दुसराच सिनेमा असंल, काकी," मी म्हणालो. पण नाव तेच होतं, फोटोतली नटी तीच, नाकातली नथ तीच.

"परत वाच."

मी परत वाचलं. काकीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती तडक रेवदंड्याच्या दिशेनं निघाली. मी दुकान वाण्याच्या भरवशावर टाकून अंक हातात घेऊन तिच्यामागे धावलो.

दयाराम तंबूबाहेर खाटेवर बसून चहा पीत होता. काकीनं विचारलं, "शेठ, त्या सुनेच्या सिनेमाचा शेवट काय?"

तो आधी हसला. मग माझ्या हातातला अंक त्यानं पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. "काकी, शेवटचं रीळ मी लावलंच न्हाय," तो म्हणाला. "रडका शेवट दाखवला की दुसऱ्या दिवशी तंबूत बाई फिरकत न्हाय. मागं एका गावात तर लोकांनी पडद्यावर वाळू फेकली. म्हणून सासू हात धरते तिथंच मी थांबवतो. लोक खुशीत घरी जातात. कुणाचं काय बिघडलं?"

मला वाटलं, आता काकी त्याच्या अंगावर धावून जाईल. ती हललीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "शेठ, मी पोरगी धाडली रे." दयारामला काहीच कळलं नाही. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा कपबशी खाली ठेवून तो खाटेवरून उठून उभा राहिला.

तसेच निघून आम्ही अलिबागची एस. टी. पकडली. तिथून रेवसची. मी का जातोय, असं मी स्वतःला विचारत होतो. काकीचं म्हणणं, अंक वाचून दाखवायला कुणीतरी हवंच. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. सिनेमातली बाई मेली म्हणून खरी मरत नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण ती बसचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि प्रत्येक थांब्याला विचारत होती, "आलं का?"

मिठागरावर उन्हात पाणी चकाकत होतं. बांधावरून बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्यात राही होती. जिवंत होती. मी शिवलेलं पोलकं तिच्या अंगावर असं लोंबत होतं, की ते दुसऱ्याच कुणाच्या मापाचं वाटावं. पायाला खारानं भेगा पडलेल्या. काकीनं तिला बघितलं आणि बांधावरून धावत सुटली. तिच्या वयाच्या बाईला असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"राही, ती मेली गं!"

"कोण?" राहीनं टोपली खाली ठेवली.

"ती सून. सिनेमातली. दयारामनं शेवट दाखवलाच न्हाय आपल्याला. तिनं विहिरीत जीव दिला. रघू, वाच रे, वाच."

मी घाईघाईनं अंक उघडला. राहीच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. "नको वाचू, रघूदादा," ती म्हणाली. "मला म्हाईत व्हतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे, आई? सासूनं हात धरला तवा अंगणात पावणे होते. पावणे काय जन्मभर बसतात?"

तेवढ्यात राहीची सासू, येसूबाई, बांधावरून आली. आम्हा परक्यांना पाहून तिचा आवाज एकदम मऊ झाला. "अगो विहीणबाय! कळवायचं तरी. चला घरी, चहा घ्या. चल गं राही." आणि तिनं सगळ्या बायकांदेखत राहीचा हात धरला. राहीनं मान खाली घातली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

काकीनं येसूबाईची बोटं एकेक करून सोडवली. भांडली नाही, ओरडली नाही. "पोर माझ्याबरोबर येतेय," म्हणाली. येसूबाईचा मऊ आवाज तिथंच संपला. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत तिच्या शिव्या मागून येत होत्या. राहीनं अंगावरच्या कपड्यांखेरीज काही घेतलं नाही.

गाडीला वेळ होता. आम्ही तिघं रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभे राहिलो. मला वाटलं, सुटलो एकदाचे. माझ्या तोंडावर हसूसुद्धा आलं असेल.

"तुला म्हाईत व्हतं," काकी म्हणाली, "तर मग तवाच का न्हाय बोललीस? का गेलीस परत?"

राहीनं लुगड्यावरचं मीठ झटकलं. मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "मला वाटलं, तुलाबी म्हाईत हाय. म्हाईत असूनबी तू मला धाडतेस. शेजारणींना तोंड देऊन दमलीस, म्हणून."

काकी ओरडली, "मला म्हाईत नव्हतं गं!" ती अशी ओरडली, की मिठागरावरच्या बायका टोपल्या घेतल्या तशा थांबून आमच्याकडे बघायला लागल्या. गाडीत ती तेच म्हणत होती. अलिबागच्या स्टँडवर तेच, पुढच्या गाडीत तेच. "आईची शपथ, मला म्हाईत नव्हतं." राही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "व्हय आई, कळलं. कळलं मला," म्हणत होती. अगदी शांतपणे म्हणत होती, लहान मुलाला समजवावं तशी. तिचा विश्वास बसला होता की नाही, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.