गाडीत कोण होतं

कमरेवर दुधाची किटली आणि डोक्यावर पाटी घेऊन अंबूबाई चिंचवड गावातून निघायची. पाटीत वरती धुतलेलं फडकं, फडक्याखाली गाण्याच्या तबकड्या. दूधवाल्या बाईच्या पाटीत तबकड्या कशाला, हे नवखा माणूस हमखास विचारी. पिंपरीकडच्या लोकांनी विचारणं कधीच सोडलं होतं.

त्याचं असं झालं. औषधाचा कारखाना आला, त्याची नवी वसाहत उभी राहिली आणि तिथल्या कुसुमताईंकडे अंबूबाईचा रतीब लागला. त्यांच्या घरी ग्रामोफोन होता. दुसरा रतीब स्टेशनाजवळ कनीजकडे. तिचा नवरा युसुफ सायकली आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करी. कुणीतरी भंगारात टाकलेला एक फोनो त्यानं खटपट करून बोलता केला होता. कुसुमताई आणि कनीज, दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण एकीकडं ऐकलेलं अंबूबाई दुसरीकडं सांगायची.

"पहिल्या खेपंला जरा पाणचट वाटती," ती कनीजला म्हणायची, "पर तिसऱ्या खेपंला साय धरती बघ." की लगेच ती तबकडी कनीजला हवी व्हायची.

कुसुमताईंना सावकाश चालणारी गाणी लागत. कनीजला तबला खणखणला पाहिजे. युसुफ तर गाणं ऐकायचाच नाही, आतली स्प्रिंग कशी फिरते तेवढं ऐकायचा. कुणाला काय पचेल हे अंबूबाईला बरोबर कळे. आणि एक कायदा तिनं स्वतःच घालून दिला होता: शेजारणीची वाटी जशी रिकामी परत धाडत नाहीत, तशी ऐकलेली तबकडी एकटी परत जायची नाही. तिच्या जोडीला ह्या घरची एक गेली पाहिजे. एवढा कारभार करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात वाजणारी वस्तू म्हणजे म्हशीच्या गळ्यातली घंटा.

एका संध्याकाळी ती कुसुमताईंच्या दारात दूध मापत होती. आत नवी तबकडी लागली होती. गाण्यात एक सासुरवाशीण शेताच्या बांधावर उभी. सणाचे दिवस, घरोघरच्या लेकींना न्यायला मुराळी आलेले, हिचा भाऊ काही येत नाही. एवढ्यात लांब धूळ उडते, बैलांची घुंगरं वाजतात, गाडी वेशीत येऊन थांबते. आणि गाणंही थांबलं. नुसती खरखर.

अंबूबाईचं माप हातातच राहिलं. "आन् गाडीत कोन हुतं?"

कुसुमताई हसल्या. गाणं एका बाजूला मावत नव्हतं, उरलेलं मागच्या बाजूला आहे, म्हणाल्या. मग माजघराकडं पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "पण ती बाजू आमच्याकडे नाही लावत."

त्यांच्या सासूबाईंनी, सोजराबाईंनी, ती एकदा ऐकली होती आणि दिवेलागणीला असलं काही घरात नको म्हणून सांगितलं होतं. कुसुमताई त्या वेळी चुलीपाशी होत्या, त्यांच्या कानावर काही आलं नव्हतं.

दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. अंबूबाईला सोडवेना, कारण तिचंही गाडं वेशीतच अडलं होतं. माहेर चाकणच्या पलीकडं. धाकट्या भावाच्या, सोपानच्या, लग्नात सगळ्या जावयांना पटके बांधले आणि गडबडीत तिच्या नवऱ्याचा, भिमाजीचा, राहून गेला. भिमाजी मांडवातून उठून आला. सोपान म्हणे, दाजींनी मला तिथंच सांगायचं होतं. भिमाजी म्हणे, मागून घेतलेला मान कसला. तेव्हापासून सोपान तिला न्यायला आला नाही, आणि न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरची वाट धरायची पद्धत नाही. त्याच्या आधीच्या दिवाळीला लाडू घेऊन आलेला माहेरचा पितळी डबा मात्र तिच्या फळीवर तसाच होता. चिंचेनं घासून ती तो परत ठेवायची.

मग ती वाटेनं चालता चालता त्या गाण्यातल्या गाडीत कुणाकुणाला बसवू लागली. कधी भाऊ, कधी म्हातारा बाप. एकदा तर भावजय बसवली, पण ती तिलाच पटेना, म्हणून पुलाच्या अलीकडंच उतरवली.

शेवटी तिनं कुसुमताईंकडून तबकडी मागून घेतली आणि कनीजपुढं, म्हातारीच्या मनाईसकट, तिची एवढी तारीफ केली की कनीजलाच नवल वाटलं.

"तबला हाय का पण, अंबूमावशी?"

"घुंगरं हायेत," अंबूबाईनं सांगून टाकलं.

भर दुपार होती, दिवेलागणीचा प्रश्न नव्हता. पण फोनोच्या पिना संपलेल्या. युसुफ उठला, बाहेरच्या बाभळीचा एक वाळका काटा आणला, घासून पिनेच्या जागी बसवला. काट्यावर गाणं वाजतं, फक्त आवाज बारीक येतो. एरवी उंबऱ्याबाहेर उभी राहणारी अंबूबाई त्या दिवशी आत चटईवर जाऊन बसली आणि कर्ण्यात जवळजवळ डोकं घातलं. शेजारी कनीजनं घातलं.

गाडीत भाऊ नव्हता. बापही नव्हता. गाडी गूळ घेऊन निघालेल्या कुणा परक्याची, बैलांना पाणी पाजायला थांबलेली. बांधावरची बाई त्याला कुठं निघालास म्हणून विचारते. तो तिच्याच माहेराच्या वाटेवरचं गाव सांगतो. ती घरात जाते, गाठोडं घेऊन येते आणि गुळाच्या ढेपांशेजारी चढून बसते. पुढं शब्द नाहीत, नुसती चाकं आणि घुंगरं.

"एवढंच?" कनीज म्हणाली. "ह्याला म्हातारी घाबरली व्हय?"

अंबूबाईनं युसुफला पुन्हा किल्ली द्यायला सांगितली.

आठवड्याच्या आत तिची म्हैस व्याली. पहिल्या चिकाचा तिनं खरवस केला, फळीवरचा पितळी डबा काढला आणि त्यात वड्या भरू लागली. भिमाजी ओसरीवर बसून बघत होता. कुठं निघालीस, त्यानं विचारलं. सोपानकडं, ती म्हणाली.

"मुराळी कोन आलाय?"

"येष्टी."

भिमाजीनं तंबाखू मळायला घेतली ती बराच वेळ मळली. मग धारा मी काढीन, एवढंच म्हणाला.

रतीब जावेवर टाकून ती भोसरीपर्यंत पायी गेली, तिथून नाशिककडची एसटी धरली. चाकणला उतरून शेंगांच्या शेतांमधून जाताना मात्र तिचे पाय आपोआप हळू पडायला लागले. गाणं चाकांवर संपलं होतं. पोचल्यावर त्या बाईचं काय झालं, हे काही तबकडीनं सांगितलं नव्हतं.

सोपान अंगणात शेंगा तोडत बसला होता. त्यानं वर पाहिलं. आधी बहिणीकडं, मग तिच्या हातातल्या डब्याकडं.

"डबा द्याया आलीस व्हय, आक्का?"

"मंग? किती दिस ठिवायचा."

त्यानं डबा हातात घेतला. तो जड लागला तसं झाकण उघडलं आणि एक वडी तोंडात टाकली. खाऊन झाल्यावर उठला, आत गेला आणि बायकोला भाकरी टाक म्हणाला. नंतर बाहेर येऊन धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "गूळ जरा जास्ती झालाय."

परतताना तो डब्यात शेंगा भरून स्वतः तिच्यासंगती आला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं भिमाजीपुढं ठेवलं आणि विहिरीचं पाणी यंदा किती टिकलं ते विचारलं. कागदातला पटका भिमाजीनं लगेच उघडला नाही. पाण्याचं मात्र सविस्तर सांगितलं.

कुसुमताईंची तबकडी परत गेली तेव्हा सोबत कनीजची एक कव्वाली होती. जरा आवाज हाय, पर दिवसा ऐका, अंबूबाईनं बजावलं. कुसुमताई ती आत ठेवायला गेल्या, तेवढ्यात सोजराबाई माजघरातून दारापर्यंत आल्या.

"काय गं, तुम्ही ती मागची बाजू लावलीत म्हणे."

"लावली की."

म्हातारीनं पदर सारखा केला. "ती तशी न बोलावता गेली, तर भाऊ पुढे बोलला का तिच्याशी? मला तेच तेव्हापासून टोचतंय."

"तबकडीत न्हाई त्ये," अंबूबाई म्हणाली आणि दुधाचं माप बुडवलं. "पर बोलला आसंल. आदी गुळाला नावं ठिवली आसतील, मंग बोलला आसंल."