फोनशेजारची भिंत आणि सुधीरची डिजिटल डायरी

दिवाळीच्या आधीचा रविवार. डोंबिवलीतलं आमचं घर नुकतंच रंगवून झालेलं आणि मी फोनशेजारच्या कोऱ्या भिंतीपुढे डोक्याला हात लावून बसलेले...

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे फोनशेजारची भिंत हीच डायरी होती. गॅसवाला, डॉक्टर, आत्या, सगळे पेन्सिलीने तिथेच. दिसायला भयंकर, पण नंबर लगेच सापडायचा.

माझ्या नवऱ्याला, सुधीरला, ते बघवायचं नाही. त्याला 'सिस्टिम' हवी होती. आधी बुटांच्या खोक्यात कार्डं लावून झाली. गॅसवाला 'ग'मध्ये की सिलिंडरच्या 'स'मध्ये, यावर आमची भांडणं व्हायची.

मग दुबईहून आलेल्या मित्राकडून त्याने डिजिटल डायरी घेतली. रोज बसून नंबर त्यात भरायचे आणि चिठ्ठ्या फाडून टाकायच्या... दोन ठिकाणी माहिती ठेवणं म्हणे गबाळेपणा. भिंतीपुढे रंगारीसुद्धा थबकला होता, सुधीरनेच त्याला बिनधास्त रंग मारायला सांगितलं.

आणि त्या रविवारी सकाळी याने डायरीचे सेल बदलले. एकेक करून बदलायचे सोडून दोन्ही सेल एकदम काढले... आतले सगळे नंबर साफ.

नेमका त्याच दिवशी माझ्या नणंदेच्या, चारूच्या, स्थळाला होकार कळवायचा होता. मुलगा ठाण्याचा, चारूला मनापासून आवडलेला. संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो, असं त्यांनी बजावलेलं. त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्यांचा नंबर दिलेला. तो गेला, पत्ताही गेला आणि स्थळ सुचवणाऱ्या काकू गावाला.

सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. चारू आतल्या खोलीत जाऊन बसलेली. आणि सुधीर डायरीचं माहितीपत्रक वाचत बसलेला... मला असा संताप आला की विचारू नका. बहिणीचं लग्न जुळता जुळता मोडतंय आणि हा माणूस शांतपणे पानं उलटतोय.

दुपार कलली तशी चारू बाहेर आली. "दादा, सरक जरा," म्हणाली. भराभर नंबर फिरवला आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला.

"हॅलो, डोंबिवलीहून बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"चारू ना? थांब हं, बोलावते त्याला."

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत होती.

"चारू नाही, चारूची आई," त्या म्हणाल्या. "त्याला नको, त्याच्या आईला बोलवा."

लग्न झालं, छान झालं. ऑफिसातून चोरून फोन करणाऱ्या त्या पोरीचे मी मनातल्या मनात किती आभार मानले असतील... तो नंबर केव्हाच बंद पडला, पण तिला अजून पाठ आहे.

आणि आमचा सुधीर? परवा बँकेत माझा मोबाइल नंबर विचारला, तर खिशातून फोन काढून शोधत बसला. सध्या नोट्ससाठी कुठलं अ‍ॅप चांगलं, याचा अभ्यास चालू आहे. ओढ असली की माणसाचा नंबर आपोआप पाठ होतो... हे मी त्याला कुठल्या अ‍ॅपमध्ये लिहून देऊ?