मामाजींचे स्वमत

नागपूरकडच्या एका गाइड कंपनीने माझ्या मामेसासऱ्यांना फसवले. सौदा माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर, माझ्या चहावर झाला, त्यामुळे मलाही फसवले असे मी धरून चालतो. मामाजींना हे मान्य नाही. त्यांच्या मते कोणी कोणाला फसवले नाही, फक्त 'मजकुरात तफावत' झाली. अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात फसवायला इतका सोपा आणि चुकीच्या वेलांटीला इतका निर्दय माणूस दुसरा सापडणार नाही.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे चिचगडचे. बारावीला मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता देवरीत, माझ्या दुकानामागच्या गल्लीत एकटे राहतात. दुकानांच्या पाट्या वाचल्याशिवाय त्यांना रस्ता ओलांडता येत नाही. चौकातल्या कोंबडीवाल्याच्या पाटीवर 'ताजि' असे लिहिले होते. मामाजी रोज त्याच्यापुढे थांबून 'जि दीर्घ करा' म्हणून सांगत. शेवटी तो वैतागून म्हणाला, "गुरुजी, मुर्गी तो वही रहेगी ना." मामाजींनी स्वतः शिडी मागवली. लग्नपत्रिका आली की तिच्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते ती यजमानाला परत देतात आणि मग आहेर घेऊन लग्नालाही जातात. माझ्याच पत्रिकेत 'शुभाशीर्वाद'मधला 'शी' ऱ्हस्व पडला होता. तो त्यांनी भर मांडवात मला, नवरदेवाला, आणून दाखवला. मी मुंडावळ्या बाजूला करून पाहिला. दुसरे काय करणार?

बोलतातही छापल्यासारखे. बसच्या कंडक्टरला 'कृपया एक तिकीट द्यावे' म्हणतात आणि कंडक्टर मागे वळून दुसरे कोणी बोलले का ते पाहतो. सगळ्या जगात एकाच माणसाशी ते आपल्या झाडीबोलीत बोलतात. तो माणूस म्हणजे त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई.

आणि भाव करणे त्यांना मुळीच जमत नाही. मी या धंद्यात सायकलवर गाइडांचे गठ्ठे बांधून, आठवडी बाजारात पोते अंथरून उभा राहिलो. समोरच्याने पहिला भाव सांगितला की माझे डोके तापते, ते मी लपवत नाही. मामाजी भाजीवालीला भाव विचारतात, ऐकतात आणि काळजीने म्हणतात, "एवढ्यात तुम्हाला परवडते का हो?" त्यांच्याबरोबर बाजारात गेलो की माझे पित्त खवळते.

तरी रोज सकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात, ते धंद्याला आणखीच वाईट. एक पोरगा आला. दरेकशाकडचा, बारावी सायन्सचा. म्हणाला, "भैया, अपेक्षित प्रश्नसंच द्या."

मामाजींनी चष्म्यावरून पाहिले. "कोणाला अपेक्षित?"

पोरगा गोंधळला. "परीक्षेले, सरजी."

"परीक्षा कशाचीच अपेक्षा करीत नाही. ती फक्त येते."

मी मध्ये पडलो. मामाजी, म्हटले, याच्या कॉलेजात वर्षभर फिजिक्सचे मास्तर नाहीत. याने काय भिंतीकडून शिकायचे? मी स्वतः गाइडावर पास झालो आहे आणि गाइडावरच घर बांधले आहे. ज्याला शिकवणी परवडते त्याने गाइडाला नावे ठेवावीत. जंगलातून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या पोराला गाइड हाच मास्तर.

यावर मामाजी भांडतील असे वाटले होते. ते म्हणाले, "अगदी खरे आहे. बाळ, फिजिक्सचे घे. केमिस्ट्रीचेही घे. मराठीचे मात्र घेऊ नकोस."

"काऊन, सरजी?"

"कारण त्यात 'स्वमत' छापलेले असते. प्रश्नात लिहिलेले असते, तुमच्या शब्दांत लिहा. आणि खाली तुमचे शब्द तयार. तुझे मत त्यांना नागपुरात कसे कळले?"

पोरगा विचारात पडला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "माझं मत बोर्डाले चालन का पण?"

मी मराठीसकट तिन्ही गाइडे बांधून दिली.

आता फसवणुकीचे. काही वर्षांपूर्वी बारावीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा कंपनीचा एजंट माझ्याकडे आला आणि मराठीची उत्तरे लिहून देणारा चांगला मास्तर मागू लागला. मीच मामाजींना बोलावले. त्यांनी आधी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी आपणहून आले आणि हो म्हणाले. मोबदला मी ठरवायला बसलो होतो, पण मामाजींनी मला हातानेच थांबवले आणि दोनच अटी सांगितल्या. पहिल्या पानावर नाव यावे, आणि स्वमताच्या एका उत्तरात एकही शब्द बदलू नये. कोणते उत्तर ते त्यांनी एजंटला बोट ठेवून दाखवले. मी पाहिले नाही. मास्तर माणसाचा हट्ट असेल, म्हटले. एजंटने हात जोडून सांगितले, "गुरुजी, आपका शब्द हमारे लिए पत्थर की लकीर है." मी त्याला पुन्हा चहा पाजला, याचा मला आजही राग येतो.

गाइड छापून आले. पहिल्या पानावर मामाजींचे नाव नव्हते. 'अनुभवी प्राध्यापकांचे मंडळ' असे होते. मी काउंटरवर मूठ आपटली. मामाजी म्हणाले, "जावईबापू, मंडळात मीही आलोच." मग त्यांनी आतले एक पान उघडले, बराच वेळ वाचले, माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

त्या दिवसापासून मराठीचे गाइड आले की खोके फोडायला मामाजी हजर. प्रत्येक प्रत घ्यायची, तेच पान उघडायचे, एक-दोन ओळी खोडायच्या, समासात काही लिहायचे, मिटून ठेवायची. मी पहिल्या वेळी ओरडलो. "मामाजी, नवा माल आहे हा. लिहिलेले पुस्तक कोण घेईल?"

"शुद्धलेखन आहे, जावईबापू."

मी काय लिहिले ते वाचले नाही. पुस्तके विकणाऱ्याला ती वाचायला वेळ नसतो. मी फक्त गिऱ्हाइकाला 'सरांनी तपासलेली प्रत' म्हणून सांगू लागलो आणि त्या प्रती आधी खपल्या.

यंदा माझी मुलगी बारावीला होती. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले म्हणून त्या चिचगडहून आमच्याकडे आल्या होत्या. परीक्षा जवळ आलेली. संध्याकाळी मुलगी अंगणात फेऱ्या मारत पाठ करत होती, सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, मामाजी खुर्चीवर होते. प्रश्न असा होता, तुमच्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्या व्यक्तीविषयी तुमच्या शब्दांत लिहा. मुलगी म्हणत होती, "माझ्या ताईने शिवणकाम करून मला शिकवले. ती दिवसभर शिलाई मशीनवर बसायची. माझी फी भरता यावी म्हणून तिने स्वतःची शाळा सोडली..."

सासूबाईंनी विचारले, "कोन बाई हाय वो थे?"

"पुस्तकातली आहे, आजी."

"बरं हाय तिचं. सावलीत बसून भावाले शिकवलन." त्यांनी सूप पाखडले. "माह्या भावानंबी माही गोष्ट पुस्तकात टाकलन. मले वाचून दाखवलन ना त्यानं. थ्यात मशीन-बिशीन नाही. थ्यात जंगल हाय, तेंदूचा पत्ता हाय." आणि मामाजींकडे वळून, "नाही गा?"

मामाजींचे पाय खुर्चीखाली गेले. "हो ना बाई," ते म्हणाले. "थे दुसरं पुस्तक हाय."

कोंबडीवाल्याची वेलांटी खपवून न घेणारा हा माणूस माझ्या अंगणात सरळ खोटे बोलला. मला काही कळेना. मुलीला माझ्याआधी कळले. ती आतापर्यंत छापलेलेच वाचत होती. आता पान डोळ्यांजवळ नेऊन समासातले पेन्सिलीचे अक्षर पाहू लागली. मामाजींकडे तिने एकदा पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. मग ती फेऱ्या मारायची थांबली आणि सासूबाईंच्या शेजारी बसून सावकाश वाचू लागली.

"माझी ताई उन्हाळ्यात पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची. दुपारभर पानांचे पुडे बांधायची आणि संध्याकाळी डोक्यावरून ठेकेदाराच्या खरेदीच्या फळीवर नेऊन मोजून द्यायची. पानांच्या चिकाने तिची बोटे काळी पडत. त्या बोटांनी ती माझ्या वहीला हात लावत नसे, वही खराब होईल म्हणून."

सासूबाईंचा सुपावरचा हात थांबला.

"हां," त्या म्हणाल्या. "हे माही हाय." मग म्हणाल्या, "पन तुह्या पुस्तकात थे मशीनवाली कायले आली?"

मामाजी उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ चूळ भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एजंटला फोन लावला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "सेठजी, तेंदूपत्ता पूरे महाराष्ट्र में कौन समझेगा? सिलाई सब समझते हैं. बच्चों के लिए सरल किया है." नावाचे विचारले तर, "नाम तो मंडल का ही जाता है, सबका." बदल केला कोणी विचारले तर, "वो तो ऑफिस में होता है." ऑफिसात फोन लावला तर त्यांनी पुन्हा एजंटचा नंबर दिला.

मराठीचा पेपर झाला. मुलगी दुकानात आली तेव्हा मामाजी तिथेच होते. म्हणाली, "आबाजी, जवळपास तसाच प्रश्न आला. मी आजीवर लिहिलं. तिला विचारून, जे तिनं सांगितलं ते. गाइडचं एक वाक्य नाही घेतलं. तुमचंही नाही."

मामाजी म्हणाले, "वेलांट्या?"

"पाहिल्या."

ते खूश होतील असे मला वाटले. पण त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर पेपर तपासलेला माणूस तो. घाईतल्या तपासनीसाच्या डोक्यात मशीनवाली ताई पक्की बसलेली असते आणि तिच्यासारखे नसले की त्याची पेन्सिल अडखळते, हे त्यांना माहीत. ते म्हणाले, "बाळ, मार्क गेले तर माझ्यामुळे गेले."

मुलगी पास झाली, बऱ्या मार्कांनी. त्या उत्तराला किती मिळाले ते आम्हाला कळले नाही. मामाजींनी विचारले नाही, आणि मला पहिल्यांदाच एखादा हिशेब जाणून घ्यावासा वाटला नाही.

सासूबाई चिचगडला परत गेल्या. मामाजी आताशा थकले आहेत. दुकानात येतात, पण पाट्या वाचायला थांबत नाहीत. कोंबडीवाल्याने परवा मला विचारले, गुरुजी की तबियत ठीक है ना? मी ठीक म्हटले.

गाइड मी विकतो आणि विकत राहीन. दरेकशाच्या पोराला ते लागते. पण माझ्या काउंटरवर दिलेला शब्द मोडला गेला आहे आणि ते मी सोडणार नाही. मला माफीची चिठ्ठी नको, भरपाई नको. त्या ऑफिसात ज्या कोणा माणसाने माझ्या सासूबाईंना जंगलातून उचलून मशीनवर बसवले, त्याने चिचगडला यावे. त्यांच्या ओसरीवर बसावे. मामाजी त्याला नक्की 'प्रवासात त्रास तर झाला नाही ना' विचारतील, त्यांच्याकडून त्याला भीती नाही. मी दाराशी उभा राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. सासूबाई त्याला एवढेच विचारतील, "काऊन?" त्याचे उत्तर त्याने त्यांना समजेल असे, स्वतःच्या शब्दांत द्यावे.