खुर्चीचा उजवा हात

पुनर्विकासासाठी नायगावच्या चाळीतली आमची खोली रिकामी करायची होती त्या दिवशी मी ठाकूरद्वारला माझ्या वर्कशॉपमध्ये होते. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हे माझं काम. दादाला मी सकाळीच बजावलं होतं, "बाबांची खुर्ची तशीच राहू दे. संध्याकाळी मी येऊन नेते." संध्याकाळी गेले तर त्याने ती भाड्याच्या फ्लॅटवर नेलीसुद्धा होती. उजवा हात कापून.

"लिफ्टमध्ये बसत नव्हती," मी फ्लॅटवर पोहोचले तेव्हा दादा म्हणाला. "हमाल जिन्याने न्यायला तयार नव्हते. मग कापला. तू आहेस ना, नवा बसवून दे."

"तुकडा कुठाय?"

"गेला असेल कचऱ्यात. एवढं काय त्यात?"

आई कॉटवर बसून भिंतीकडे बघत होती.

एवढं काय त्यात, ते सांगते. गावाला आजोबांना खोताच्या ओटीवर चढायची मुभा नव्हती. अंगणात मान खाली घालून उभं राहायचं. बाबा मुंबईत गिरणीला लागले. गिरगावातल्या एका वकिलाचं ऑफिस बंद झालं, तेव्हा त्यांनी ही सागवानी खुर्ची विकत घेतली. आमच्या खोलीचं दार अरुंद, तर त्यांनी दाराची चौकट उचकटली, पण खुर्चीला ओरखडा येऊ दिला नाही. पाळी संपवून आले की आंघोळ करून तिच्यात बसायचे आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पेपर वाचायचे. दादा हे बघतच मोठा झाला. आणि हमालाच्या हातात करवत त्यानेच दिली.

त्याच संध्याकाळी मी खुर्ची परत खाली आणली. आता ती लिफ्टमध्ये व्यवस्थित बसत होती.

डावा हात शाबूत होता. त्याचं वळण कागदावर उतरवून कागद उलटा केला, की उजवा मिळतो. हा हात आधी बाहेर झुकतो आणि पुढे जाऊन आत वळतो. असा वाक एकाच फळीतून कापला, तर वळणावर लाकडाचे रेशे आडवे पडतात आणि उठताना कुणी भार दिला की नेमका तिथेच मोडतो. म्हणून जुन्या सागाच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि सरस लावून एकावर एक साच्यावर वाकवायला घेतल्या. रागाच्या भरात पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे भराभर आवळले. वरच्या पट्ट्या तडकल्या. दुसऱ्यांदाही तेच. साचा उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. मग दोन दिवस त्याच्याकडे फिरकलेच नाही.

तिसऱ्यांदा जमलं. नवा हात कानशीने घासून डाव्यासारखा केला, उरलेल्या खुंटाशी सांधला आणि लाखेच्या पॉलिशने रंग जुळवत बसले.

काम झाल्यावर दादा आईला घेऊन आला. खुर्चीवरून हात फिरवत म्हणाला, "बघ, कळतंय का काही? उगाच तमाशा केलास."

"कळत नाही, कारण मी महिनाभर राबले. तू केलेलं पुसायला. आता आईची माफी माग."

"लाकडासाठी माफी?" तो हसला.

आई तोवर खुर्चीत बसली होती. बाबा असताना ती त्यात कधीच बसली नव्हती. नव्या हातावरून तिची बोटं मागे मागे सरकली आणि एका जागी थांबली.

"जोड इथे आहे," ती दादाला म्हणाली. "मला लागतोय. तू पण बघ हात लावून."

दादाने मोबाईल बाहेर काढला.

"खुर्ची हिच्याकडेच राहू दे," आई त्याला म्हणाली.

त्याला बरंच वाटलं असावं, फ्लॅटमध्ये तेवढीच जागा झाली. त्याचा फोन आला तर मी उचलत नाही. राग जाईल हळूहळू, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही.